चुरा धरणाऱ्या जाळीचा सूड

“मॅडम, त्या दिवशी लग्नात माझे बाबूजी दारू पिऊन होते का?”

गोंदियाच्या दवाखान्यात, ऑपरेशनच्या खोलीबाहेर, दुर्गेश्वरीने हा प्रश्न विचारला आणि बाकड्यांवर बसलेले सगळेच्या सगळे तिच्याकडे पाहू लागले. दहावीतली मुलगी, पण आवाज असा की पार जिन्यापर्यंत गेला. तिच्या मागे तिच्या गावातल्या मैत्रिणी रुचिका आणि खुशबू भिंतीला चिकटून उभ्या होत्या. प्रश्न मुळात त्यांचाच होता.

“गावभर सांगून राहिली ना, का बाबूजीले बिमारी होय, दारू नाही,” खुशबू सकाळीच तिला म्हणाली होती. “त मंग हिंमत असन त डॉक्टरलेच विचार. सगळ्याईच्या समोर!”

रुचिकाने तर पैजच लावली होती की दुर्गी तोंड उघडणार नाही. दुर्गीने उघडलं.

तिची माय राजकुमारीबाई कपाळावर हात मारून म्हणाली, “अवं, आता बाप ऑपरेशनमधून निघून राहिला, आन् हे काय विचारतेस? लाज हाय का नाही?”

डॉक्टर मॅडम मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी हातातली छोटीशी काचेची बाटली वर धरली आणि म्हणाल्या, “उत्तर याच्यात आहे.”

मित्रांनो, त्या बाटलीत मी होते! औषधाच्या पाण्यात, पोट फुगवून बसले होते आणि रागाने नुसती फणफणत होते. उत्तर माझ्या पोटात होतं. पण ते कळायचं असेल तर आधी माझी गोष्ट ऐकावी लागेल. आणि आधीच सांगून ठेवते, ही काही गोड गोष्ट नाही. मी कोणाला तरी धडा शिकवायचा ठरवला होता आणि तो शिकवला, त्याची ही गोष्ट आहे.

मी एक जुनी जाळी आहे. जुनी म्हणजे वयाने नाही हं. माझं काम एकदाच असतं. एकदा वापरली की मी जुनी, मग मला कोणी धुऊन-पुसून पुन्हा घेत नाही. दवाखान्यात मला फिल्टर म्हणतात. उघडले की मी वाटाण्याएवढी छत्री आणि मिटले की उदबत्तीच्या काडीहून बारीक.

माझा जन्म फार दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेली. एका बाईने भिंगाखाली माझ्या तारा वळवल्या. ही तार मोठी हट्टी असते. दाबा, दुमडा, नळीत कोंबा, सोडली की पुन्हा आपल्या मूळ आकारात! तेव्हा हट्ट मला जन्मापासूनच आहे. त्या तारांवर तिने पातळ पडदा चढवला आणि पडद्याला इतकी बारीक भोकं पाडली की रक्त सहज निघून जाईल, पण चुरा अडकेल. मग मला पाकिटात बंद केलं आणि वर मुदत छापली. तुम्ही वाढदिवस सांगता, माझ्या पाठीवर शेवटचा दिवस लिहिलेला!

आता चुरा म्हणजे काय ते सांगते. मानेच्या बाजूला हलकेच बोट टेकवून पाहा. टेकवायचं फक्त, दाबायचं नाही. धकधक लागते ना? ती मेंदूकडे रक्त नेणारी मोठी नस. दोन्ही बाजूंना एकेक. काही माणसांच्या या नसेत आतून थर बसतो, दुधाच्या पातेल्याला तळाशी खुरचण धरते तसा. नस अरुंद होत जाते. ते वाईट आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे त्या थराचा एखादा तुकडा सुटतो आणि रक्ताबरोबर वर मेंदूत जाऊन बसतो. जिथे बसला तिथलं सगळं बंद. कोणाचा हात जातो, कोणाची नजर जाते, कोणाचं बोलणं जातं.

डॉक्टर मग त्या अरुंद जागी धातूची जाळीदार नळी बसवतात आणि रस्ता मोकळा करतात. तिला स्टेंट म्हणतात. पण मित्रांनो, रस्ता मोकळा करतानाच थर फुटतो आणि चुरा उडतो! म्हणून आधी मला पुढे पाठवतात. तुमच्या धानाच्या बांधीतून पाणी सोडताना तोंडाशी मासे धरायची टोपली लावतात ना, अगदी तशी मी मेंदूच्या अलीकडे उघडून बसते. येईल तो तुकडा माझ्या पोटात.

दवाखान्याच्या कपाटात आम्ही दोघी होतो, मी आणि माझी ताई. एकाच कारखान्यातून आलेल्या. वर सलाइनच्या बाटल्या, खाली हातमोज्यांचे खोके, मध्ये आम्ही. एका सकाळी ताईला बोलावणं आलं. मी केवढी खूश झाले! पण संध्याकाळी नंदाबाई सिस्टर कपाटाशी उभ्या राहून दुसऱ्या सिस्टरला सांगत होत्या, “नस एवढी वाकडीतिकडी, का फिल्टर पलीकडे जाता जाताच तुकडा सुटला. उजवा हात गेला बिचाऱ्याचा.”

ताई रिकाम्या पोटी परत आली आणि लाल पिशवीतून कचऱ्यात गेली. तिचा दोष नव्हता. मॅडमचाही नव्हता. असं क्वचित होऊ शकतं, हे त्यांनी घरच्यांना आधीच सांगितलं होतं. पण मला कोणाला तरी दोष द्यायचाच होता. मी चुऱ्याला दिला. त्या काळोख्या कपाटात मी मनाशी म्हटलं, ये बाबा, एकदा माझ्या तावडीत ये. एक कण सोडणार नाही.

पण सूड घ्यायलाही कोणी बोलवावं लागतं! दिवस जात होते. कपाट उघडायचं, हातमोजे जायचे, सलाइन जायचं, माझ्याकडे कोणी पाहायचं नाही. नंदाबाई अधूनमधून माझी मुदत वाचायच्या आणि म्हणायच्या, “हे त वापस पाठवा लागते वाट्टे.” वापस! न लढताच! राग आतल्या आत गोळा होत गेला.

आणि तेवढ्यात मनोहरलालजी आले.

मनोहरलाल रहांगडाले म्हणजे दुर्गीचे बाबूजी. बिरसीच्या विमानतळाच्या बाजूला त्यांचं गाव. शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर घरांवरून घिरट्या घालतात, आणि मनोहरलालजी माइकवर बोलायला लागले की विमानाचा आवाज दबतो, असं गावातले लोक म्हणत. धानाची शेती हा त्यांचा धंदा, पण माइक ही हौस. गावात कोणाचंही लग्न असो, माइकवर तेच. वरातीला हाका तेच मारणार, पंगत तेच बसवणार, हरवलेलं लेकरू तेच शोधून देणार. “पाहुण्याईनं पंगतीत बसून घ्यावं जी, वाढणाऱ्याईनं भाजी घेऊन धावावं!” त्यांनी म्हटल्याशिवाय पत्रावळ हलायची नाही.

हे सगळं त्यांनीच ऑपरेशनच्या टेबलावर नंदाबाईंना सांगितलं. या ऑपरेशनमध्ये माणूस जागा असतो ना! भूल फक्त जांघेत, जिथून आम्ही आत शिरतो तिथे. आणि मनोहरलालजींना जागं ठेवलं म्हणजे ते बोलणारच. उरलेलं मी नंतर दुर्गीच्या तोंडून ऐकलं. तीही बापाच्या वळणावर गेलेली आहे.

झालं असं. शेजारच्या कैलाशच्या मुलीचं लग्न होतं. उन्हाळा असा, की मंडपाच्या पत्र्यावर पापड भाजावा. मनोहरलालजी माइकवर उभे राहिले आणि म्हणाले, “पाहुण्याईनं... पाट... भाजीनं... बसाले... ते... ते ते...” शब्द जुळेनात. तोंडाचा उजवा कोपरा खाली ओघळला. उजव्या हातातून माइक सुटला आणि कर्कश किंचाळला. पोरं खिदळली. मग बायका हसल्या. कैलाशने माइक उचलला आणि मोठ्याने म्हणाला, “माफी करा मंडळी, आमचे भाऊ आज सकाळपासूनच चालू हायेत!”

अख्खा मंडप हसला. ज्या माणसाने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, त्याच्यावर!

कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. पंगत उठायच्या आत तो गावाच्या ग्रुपवर आला.

आता खरी चूक ऐका. वाढपी दुसऱ्यांदा वरण घेऊन येईपर्यंत मनोहरलालजींची जीभ पुन्हा सुरळीत झाली होती. ते स्वतःच म्हणाले, “लू लागली असन.” घरी राजकुमारीबाईंनी तळपायांना कांदा चोळला, आंब्याचं पन्हं पाजलं. बोलणं परत आलं म्हणजे दुखणं गेलं, असं घरच्यांनी धरलं. आणि दारू उतरली, असं गावाने धरलं.

पण चुरा खराच होता. एक बारीक कण मेंदूत जाऊन, जरा वेळ बसून विरघळला होता. घर पाहून गेलेल्या चोरासारखा. तो पुन्हा येणार होता.

त्यानंतर गावात आणखी लग्नं झाली. लोक मनोहरलालजींना पत्रिका द्यायचे आणि जाता जाता म्हणायचे, “माइकचं राहू द्या भाऊ या वक्ती, दुसरा सांगला आहे.” मनोहरलालजी “बरं, बरं” म्हणायचे आणि पत्रिका खुंटीला अडकवायचे. लग्नाला जायचेच नाहीत. शिकवणीत पोरं दुर्गीला विचारायची, “काय वो, आज बाबूजी चालू हायेत का बंद?” एकाच्या पाठीत तिने कंपासपेटी हाणली, तेव्हा शिकवणीतून तिलाच बाहेर उभं केलं. तो व्हिडिओ तिने मोबाइलमध्ये जपून ठेवला होता. रोज पाहायची. कोण कोण हसतंय, कोणाचे दात दिसताहेत, ते पाठ करायची. मित्रांनो, मला ती मुलगी तिथेच आवडली.

मग एक दिवस शेताच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या मनोहरलालजींच्या डाव्या डोळ्यावर काळं शटर पडल्यासारखं झालं. वरून खाली, सरळ. थोड्या वेळाने उघडलं. राजकुमारीबाई पुन्हा कांदा शोधायला निघाल्या, तेव्हा दुर्गीने चप्पल पायात सरकवली आणि म्हणाली, “कांदा ठेव, माय. ऑटो बोलाव.”

दवाखान्यात मानेची तपासणी झाली. डाव्या बाजूची नस जवळजवळ बुजलेली. मॅडमनी विचारलं, “तंबाखू?” मनोहरलालजींनी मान खाली घालून खिशातून खर्र्याची पन्नी काढली.

“हा खर्रा माही सवत होय जी,” राजकुमारीबाई म्हणाल्या. “माह्यापेक्षा जास्त वक्त याच्यासंग राहते.”

मॅडम हसल्या, पण पन्नी कचऱ्याच्या डब्यात गेली. आणि नंदाबाईंनी कपाटात हात घातला. यावेळी हात माझ्यावर आला!

टेबलावर मनोहरलालजींच्या उजव्या हातात नंदाबाईंनी एक पिवळं रबरी बदक दिलं. लहान बाळाचं, दाबलं की वाजणारं.

“हे काय जी?” मनोहरलालजी म्हणाले. “मी काय लेकरू होय?”

“मॅडम म्हणतील तेव्हा दाबायचं. बदक बोललं की आम्हाले समजते, तुमचा मेंदू ठीक आहे.”

“म्हणजे माह्यापेक्षा बदकावर भरोसा हाय!”

“तुमच्यावर आहे हो,” मॅडम पडद्याकडे पाहत म्हणाल्या. “पण मेंदूच्या डाव्या बाजूला बोलणं असतं आणि उजवा हातही तिकडूनच चालतो. म्हणून दोन्ही तपासायचं. दाबा.”

चूं.

मनोहरलालजींनी हातातल्या बदकाकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, “मॅडम, हात गेला त चालन. बोलणं नोको जाऊ देजा. लोक दारुड्या म्हणतेत मले. एकडाव त माइकवर उभं राहून सांगा लागन ना, का मी नव्हतो पिऊन.”

नळीत मिटून बसलेल्या मला हे ऐकू आलं. आजवर सूड ताईसाठी होता. आता या माणसासाठीही घ्यायचा होता.

जांघेतून नळी वर सरकली, पोटातून, छातीतून, मानेपर्यंत. पुढे तो थर होता. पिवळा, खडबडीत, खर्र्यावर पोसलेला. मधली वाट एवढीशी, की पेनातली रिफिल जाईल न जाईल. ताईचा घात अशाच ठिकाणी झाला होता. मॅडमनी मला इतकं हळू पुढे ढकललं की सुईत दोरा ओवताना तुमची आजीही एवढी हळू नसेल. मी अंग चोरलं. इकडची भिंत अंगाला लागली, तिकडची लागली. कण सुटला नाही. मी पलीकडे!

“उघडा,” मॅडम म्हणाल्या. वरची नळी मागे सरली आणि मी फट्कन फुलले. चारी बाजूंनी नसेला टेकून बसले. आता या, म्हटलं.

मागे, त्या अरुंद जागी, नस रुंद करणारा बारीक फुगा फुगला. थर कडकन तडकला. मनोहरलालजींची धडधड एकदम मंदावली, कारण मानेतली ती जागा दाबली की हृदय बिचकतं. नंदाबाईंनी तयार ठेवलेलं औषध दिलं, धडधड परत आली. मग स्टेंट उघडला, पुन्हा फुगा फुगला, आणि चुरा निघाला.

पहिला कण तांदळाच्या कणीएवढा. रक्ताच्या धारेत मिरवत आला. काय रे, कुठे निघालास? बोलणं खायला? ये. धरला! हा माझ्या ताईसाठी. मागून दुसरा, चपटा. धरला! हा त्या मंडपातल्या हसण्यासाठी. मग एकदम घोळकाच आला, पिवळे, पांढरट, एकमेकांना चिकटलेले, आणि मी एकेकाला पडद्यात असं दाबलं की त्यांना वळताही येईना. रडा आता. माफी मागा. मी नाही सोडत. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता!

पण मित्रांनो, रागाच्या भरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. माझं पोट गच्च भरलं होतं. भोकं बुजली. आता रक्तही जाईना.

“दाबा,” मॅडम म्हणाल्या.

बदक बोललं नाही.

“मनोहरलालजी, बदक दाबा.”

काहीच नाही. बोटं बदकावर होती, पण नुसती पडलेली.

“तुमच्या मुलीचं नाव सांगा.”

“दु...” मनोहरलालजी म्हणाले. “दु... पा... ते...”

“रक्त पुढे जात नाहीये. फिल्टर भरलाय,” मॅडमचा आवाज बदलला नाही, पण हात झरझर चालू लागले. “सक्शन द्या.”

ज्या चुऱ्याला मी कोंडलं होतं, तो आता आतून हसत होता. मी बसून राहिले तर मेंदूला रक्त नाही. मी घाईने निघाले तर पोटातून तुकडे सांडणार. पातळ नळी माझ्या तोंडाशी आली, तिने साचलेलं रक्त आणि मोकळा चुरा ओढून घेतला. मग मला मिटवणारी नळी सरकत आली. आता सगळं माझ्या हट्टावर होतं. मी काठ आवळले. आतले कण धडपडले, बाहेर पडायला जागा शोधू लागले. मी म्हटलं, मरेन, पण तोंड उघडणार नाही. आणि मिटले, मूठ मिटावी तशी, चुऱ्यासकट. मॅडमनी मला मागे ओढलं, स्टेंटमधून, मानेतून, खाली, बाहेर, उजेडात.

मी ट्रेमध्ये पडले होते आणि माझं सगळं लक्ष त्या पिवळ्या बदकाकडे होतं.

“मनोहरलालजी,” मॅडमनी पुन्हा विचारलं, “मुलीचं नाव काय?”

चूं.

मग पुन्हा, चूं चूं. आणि मग मंडपातला तो आवाज, पार भिंतींना लागणारा, “कुमारी दुर्गेश्वरी मनोहरलाल रहांगडाले! जिथं असन तिथून आपल्या बाबूजीजवळ यावं जी!”

नंदाबाईंना हसू आलं आणि त्याच वेळी त्यांनी बाहीने डोळे पुसले. बाहेर वऱ्हांड्यात तो आवाज ऐकू गेला होता. दुर्गी दारावर धडकलीच. आणि दार उघडून मॅडम बाहेर आल्या, तेव्हा तिने तो प्रश्न विचारला.

आता तुम्हाला कळलं ना उत्तर कुठे होतं?

मॅडमनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. “हे पिवळे तुकडे दिसतात? हे तुझ्या बाबांच्या मानेत होते. यातलाच एखादा त्या दिवशी मेंदूत गेला असणार.”

“मंग ते बोलणं?” दुर्गीने मोबाइल काढला. “हे पाहा जी. हसायले काढला कोणं तरी.”

मॅडमनी व्हिडिओ पाहिला. पुन्हा लावला. तोंडाचा ओघळलेला कोपरा आणि सुटणारा माइक थांबवून थांबवून पाहिला. “दारूने असं एकाच बाजूचं तोंड ओघळत नाही. एकाच बाजूचा हात असा गळत नाही. हा लकव्याचा इशारा आहे, अगदी पुस्तकात असतो तसा,” त्या म्हणाल्या. “विद्यार्थ्यांना दाखवायला आम्ही असा व्हिडिओ शोधत असतो, मिळत नाही. इथे एवढी माणसं समोर होती आणि...” त्यांनी बाटली राजकुमारीबाईंच्या हातात दिली. “उद्या राउंडला येईन तेव्हा परत घेईन. तोवर घरच्यांनी नीट पाहून घ्या.”

खुशबूचं तोंड एवढंसं झालं. “दुर्गे, मी पण हसली होती वं त्या दिवशी.”

“मालूम हाय,” दुर्गी म्हणाली. “व्हिडिओत तिसऱ्या ओळीत हायेस. दात दिसतेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात, मनोहरलालजींच्या उशाजवळच्या टेबलावर होते. ते उशीला टेकून चहा पीत होते आणि कपबशी उजव्याच हातात मुद्दाम धरत होते. तेवढ्यात केळ्यांची पिशवी घेऊन कैलाश आला. राजकुमारीबाईंनी स्टूल पुढे केला, तो टोकावर बसला आणि इकडेतिकडे पाहून, बाजूच्या पलंगावर ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाला, “भाऊ, गलती झाली. लग्नाची गडबड होती. तोंडातून निघून गेलं.”

“जाऊ दे गा कैलाश,” मनोहरलालजी म्हणाले. “मले तरी कुठं समजलं होतं?”

मी बाटलीत चरफडले. एवढ्यावर मिटलं? पण दुर्गी उठली. तिने मला उचललं आणि कैलाशच्या नाकासमोर धरलं.

“हे काय होय?” तो मागे सरकला.

“तुम्ही ज्याले दारू म्हणलं ना काका, ते हे होय. पाहा. नीट पाहा.”

कैलाशने पाहिलं आणि नजर वळवली. “मी म्हणलं ना पोरी, चुकलं. आता पाया पडू का?”

“हसले मंडपात, मोठ्यानं, माइकवर. आन् माफी इथं, कानात?”

“दुर्गे!” राजकुमारीबाई ओरडल्या. “मोठ्या माणसासंग असं बोलतेस?”

कैलाशने घाईघाईने खिशातून मोबाइल काढला. “ग्रुप माह्याच पोऱ्यानं बनवला आहे. आत्ताच्या आत्ता तो व्हिडिओ मिटवाले लावतो. सगळ्याईच्या फोनमधून मिटवाले सांगतो. मंग त झालं? कोणाले काही दिसणार नाही, भाऊची इज्जत बी राहते.”

भाऊची इज्जत! मित्रांनो, त्या व्हिडिओत भाऊंपेक्षा त्याचंच तोंड मोठं दिसत होतं. चुऱ्याची जात मी ओळखते. पकडला गेला की त्याला विरघळून जायचं असतं.

आता मी तुमचा निरोप घेते, कारण मॅडम कोणत्याही क्षणी येतील. माझ्यासारख्या वस्तू जाता जाता म्हणतात, आम्हाला जपा, आम्हाला विसरू नका. मी नाही म्हणत. सगळ्यांना दाखवून झालं की मला खुशाल फेका, माझं मन भरलं आहे. जपायचं ते माणसाला जपा. कोणी बोलता बोलता अडखळलं, तोंड एका बाजूला ओघळलं, हातातली वस्तू सुटली, डोळ्यापुढे अचानक अंधार आला, तर हसू नका, कांदा चोळू नका. थोड्या वेळात बरं वाटलं तरी घरी थांबू नका. त्याच पावली दवाखाना गाठा. कारण प्रत्येक नसेत माझ्यासारखी कोणी तरी दबा धरून बसलेली नसते.

आणि त्या सकाळचं शेवटचं एवढं सांगते. कैलाशचं बोट मोबाइलवर होतं. दुर्गीने त्याच्या हातावर हात ठेवला, थांबवलं, आणि मग त्याच्याकडे पाठ करून ती पलंगाकडे वळली.

“माय, बाबूजी, मी ठरवलं हाय. तो व्हिडिओ मिटवाचा नाही. यंदाच्या मंडईच्या जत्रेत पूर्ण गाव जमलं, का मोठ्या पडद्यावर लावाचा, पूर्णच्या पूर्ण. आधी बाबूजी अडखळतानी, मंग लोक हसतानी, मंग काका माइक उचलतानी. आन् मंग बाबूजी स्वतः सांगतीन, का लकवा येतानी माणूस असा बोलते, आन् त्या वक्ती आपण असे हसतो. बाबूजी नाही म्हणले त मी सांगन. काका, तुमचं हसणं कापणार नाही. एक सेकंद बी नाही.”